दोर पुरेल तेवढा भारा

आमच्या कन्हेरीत नागपंचमीच्या फेराला बायका माझ्या थोरल्या बहिणीची वाट बघायच्या. "आक्का आली का गं कळसाहून?" हा पहिला प्रश्न. कळस तिचं सासर. फुगडी धरावी तर तिनं. समोरची पोरगी दोन मिनिटांत चक्कर येऊन खाली बसायची आणि आक्का पदर खोचून पुढचीला हाक मारायची, "या, अजून कुणाला भुई गरगरताना बघायचीय?"

त्या वर्षी ती आली आणि देवळाच्या ओट्यावर बसून राहिली. पोरगं अंगावर पितंय, म्हणाली. मग म्हणाली, पाय मुरगळलाय. एका गोष्टीला दोन कारणं मिळाली की दोन्ही खोटी असतात, एवढं मला तेव्हा कळायला हवं होतं. मी एकवीस वर्षांची होते, बारामतीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला, आणि आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता.

शेजारच्या काकूंनी तिला हाताला धरून झिम्म्यात ओढलंच. तिनं दोन उड्या मारल्या. तिसरीला थांबली, मांड्या एकमेकींवर आवळून उभी राहिली आणि कुणाशी न बोलता पायाला पाय लावत घराकडं निघाली. मागून हसण्याचा आवाज आला. "कळसाच्या पाण्यानं म्हातारी झाली गं ही!" मी तिच्या मागं गेले. न्हाणीत ती जुन्या लुगड्याची घडी पिळत उभी होती.

"काय झालं?"

"काय न्हाय. जा तू खेळायला."

"आक्का."

"मुतले," ती म्हणाली. "उडी मारली की होतं. शिंकलं की होतं. हसलं की होतं, म्हणून आता हसत बी न्हाय मी. झालं समाधान?"

ती सव्वीस वर्षांची होती.

मग तिनं सांगितलं, न्हाणीच्या दगडावर बसून, माझ्याकडं न बघता. तिसरं बाळंतपण माहेरी झालं नव्हतं, कारण सासरी उसाची तोड सुरू होती आणि घरातली बाई हलवायची नव्हती. बाराव्या दिवशी बारसं झालं. तेराव्या दिवशी ती शेतावर वाढं आणायला गेली. वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, तोडीच्या दिवसांत सगळ्या गुरांचा चारा तोच. आमच्याकडं भारा बांधतो पुरुष आणि वाहते बाई. दाजी दोर जमिनीवर पसरतात, त्यावर वाढं रचतात, वरून गुडघा देऊन आवळतात. भारा किती मोठा करायचा, हे बाईकडं बघून ठरत नाही. दोर संपला की भारा झाला. मग दोन माणसं दोन्हीकडून धरतात, "हं, ऊठ," म्हणून तिच्या डोक्यावर ठेवतात आणि बिडी पेटवतात.

"उठताना आत काय तरी सुटल्यावानी झालं," आक्का म्हणाली. "खाली उतरल्यावानी. मी म्हणलं, व्हईल बरं. आता दिवसभर काम केलं की संध्याकाळी खाली हाताला लागतं."

आमच्याकडं याला 'अंग बाहेर येणं' म्हणतात. म्हणतात तेही फक्त बायका, तेही पाठ फिरवून.

दाजींनी तिला एका खाजगी दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या डॉक्टरनं तिला तपासलंसुद्धा नाही नीट. टेबलामागून विचारलं, पोरं किती? तीन. मग म्हणाला, "काढून टाकू की पिशवी. आता तिचं काय लोणचं घालायचंय?" आणि दाजी हसले. दोघं पुरुष हसले आणि आक्का भिंतीकडं बघत बसली. तारीखही ठरली, दसऱ्याच्या आसपास. का, तर तोड सुरू होईपर्यंत बाई पुन्हा कामाला उभी राहते.

हे वाक्य मी न्हाणीच्या दारात उभी राहून ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. गर्भाशय काढायला तयार, भारा हलका करायला कुणी तयार नाही! दोर तेवढाच राहणार, बाईतलं काहीतरी कमी होणार.

आता माझं सांगते. बारामतीत पिठाच्या गिरणीच्या वर एक खोली होती, तिथं आमचा बायकांचा गट बसायचा. खाली जातं सुरू असलं की वर बोलणं ओरडून करावं लागायचं, आणि आम्हाला ते आवडायचं. मी तिथली पत्रक लिहिणारी. दारूवर लिहिलं, रेशनवर लिहिलं, पाण्याच्या टाकीवर लिहिलं. शीर्षक ठसठशीत, उद्गारचिन्ह एक तरी हवंच, शेवटी "मैत्रिणींनो, उठा". पुण्याला एका शिबिरात एका ताईंनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम सांगितला होता. लघवीची धार ज्या स्नायूनं अडते तोच आवळायचा आणि सोडायचा, रोज, तीन महिने. तळ घट्ट झाला की गळणं कमी होतं, वरचा भारही पेलतो. वहीत माझं चार ओळींचं टिपण होतं. त्यातली दीड ओळ मी बसमधून उतरायच्या घाईत लिहिली होती.

त्यावर मी एका दुपारात पत्रक लिहिलं. "पिशवी काढू नका! स्नायू बळकट करा!" पिवळा कागद, कारण पांढरा संपला होता. त्यात एक वाक्य होतं, ते मला पाठ आहे आणि मरेपर्यंत पाठ राहील. "लघवी अडवून धरण्याचा सराव दिवसातून दहा वेळा करावा."

गठ्ठा घेऊन मी एसटीनं कळसला गेले. आक्काच्या सासूनं, म्हणजे मी जिला मावशी म्हणते तिनं, शेजारच्या दहा-बारा बायका अंगणात जमवल्या. पंचमीचं आमंत्रण द्यावं तसं जमवलं, हे खरं सांगायला हवं. मटकी निवडायला घेऊनच आल्या सगळ्या. मी उभी राहून वाचलं, गिरणीवर वाचायचे तशा आवाजात. भिंतीपलीकडून कुणीतरी पुरुष खाकरला तेव्हा बायका खाली बघू लागल्या आणि मी आवाज आणखी चढवला.

वाचून झाल्यावर एक म्हातारी म्हणाली, "मुताचं बी पत्रक निघालं म्हणायचं."

दुसरी म्हणाली, "कागद पिवळा, इशय बी पिवळा!"

हसून हसून पाच-सहा जणी लगबगीनं उठल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, मांड्या आवळून. मी ते बघितलं. आक्का एकटी नव्हती, निम्मं अंगण होतं. एकीनंही प्रश्न विचारला नाही, आणि मला वाटलं, सगळ्यांना कळलं.

महिनाभरानं गावातल्या मास्तरांनी एसटीडीवरून गिरणीच्या मालकाकडं निरोप ठेवला. बहिणीला ताप आहे, येऊन जा.

आक्का गोधडीत कुडकुडत होती. लघवीला जाताना ओरडत होती म्हणे, आग होत होती, कमरेत कळा. मी मावशीला विचारलं, कधीपासून? मावशी चुलीपुढून उठून आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तुझ्या कागदापासनं."

"म्हणजे?"

"तूच लिवलंयस न्हवं, दहा येळा अडवा म्हणून? आता मला सांग, दहा येळा आमी जायचं कुठं? आमी जातो दिस उगवायच्या आधी आन् दिस मावळल्यावर. मधी आडोसा कुठाय? मग पोरी म्हणल्या, दहा येळा थोडं थोडं अडवण्यापेक्षा एकदाच अडवू, पर दिसभर अडवू. पाणी बी कमी केलं. लई नेमानं केलंय तुझ्या बहिणीनं. एक दिस न्हाय चुकली."

"पण मावशी, दिवसभर नाही..."

"दिसभर तर आमी जल्मापासनं अडवतोय! त्यानं बळ आलं असतं तर आतापतूर पैलवान झालो असतो."

पत्रकात जमिनीवरचं एकही वाक्य नव्हतं. संडास नाही, झुडूप नाही, दिवसा उठून चार पावलं जायची मोकळीक नाही, अशा बाईला मी 'अडवून धरा' असं छापून दिलं होतं. त्या दुपारी मला जगावर चिडायला तोंड नव्हतं, म्हणून मी दाजींवर चिडले. एवढी तापलीय आणि अजून इथंच का? ते म्हणाले, "दसरा पंधरा दिवसांवर आलाय. आपरेशनच्या वक्ताला बघत्यालच की डाक्टर."

मी आक्काला घेऊन रस्त्यावर आले. एसटी मिळाली. अर्ध्या वाटेत तिनं माझं मनगट धरलं, "धाकटे, गाडी थांबव." कंडक्टर म्हणाला, "घरनं जाऊन यायचं की बाई, ही काय तुमची बैलगाडी हाय?" मी जशी ओरडले तशी तोवर कुठल्या मोर्चातही ओरडले नव्हते. गाडी थांबली. बाहेर दोन्हीकडं सपाट रान, बाभळसुद्धा नाही. मी माझी ओढणी ताणून धरली आणि आक्का तिच्याआड बसली. खिडकीतून एका फेटेवाल्या आजोबांचा आवाज आला, "तिकडं बघा रं सगळी. तिकडं. त्यो बघा कॅनॉल किती भरलाय." तो माणूस कोण कुठला, पण त्या दिवसात ज्याचा मला राग आला नाही असा तो एकटा.

बारामतीत सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. चाळिशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. आक्काला पडद्यामागं नेऊन त्यांनी बराच वेळ तपासलं. मग गोळ्या लिहून दिल्या, भरपूर पाणी पी म्हणाल्या, आणि आक्कानं पिशवीतून पुरावा म्हणून माझं पत्रक काढून त्यांच्यापुढं ठेवलं. तिनं भाबडेपणानं ठेवलं. तिला वाटलं, बहिणीचं कौतुक होईल.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"वाच मोठ्यानं."

मी वाचू लागले. 'दहा वेळा' पाशी आले आणि थांबले. बाईंनी लाल पेन काढून ते वाक्य आडवं खोडलं आणि आक्काकडं वळल्या. माझ्याकडं नाही, आक्काकडं.

"लघवी कधीच अडवायची नाही. लागली की जायचं. हा व्यायाम रिकाम्या मूत्राशयानं करायचा, बसून नाहीतर झोपून. बायकांत बसलीस आणि वारा सरायला लागला, तर तू काय करतेस?"

आक्का लाजली. "आवळून धरते."

"तेच. तेवढंच आवळायचं, आणि आवळलेलं वर ओढायचं. पोट सैल, मांड्या सैल, श्वास चालू. पाच आकडे मोजायचे आणि सोडून द्यायचं. पुरतं सोडायचं. असं दहादा, सकाळ-दुपार-संध्याकाळ. शिंक येणार असं वाटलं, काही उचलायचं झालं, तर आधी आवळायचं आणि मग शिंकायचं."

"आन् पिशवी?"

"तुझ्या पिशवीला काही झालेलं नाही. थोडी खाली सरकलीय. फार सरकली असती तर नुसत्या व्यायामानं भागलं नसतं. तुझं अजून हातात आहे. तीन-साडेतीन महिने कर, मग मला दाखव. तोवर कुणी तुला टेबलावर घ्यायचं कारण नाही." मग त्यांनी चष्मा काढला. "पण डोक्यावर भारा घ्यायचा नाही. बांध घालायचा आणि त्याच दिवशी फोडायचा, असलं करणार असशील तर माझा वेळ घेऊ नकोस."

आक्का हसली. बऱ्याच महिन्यांनी हसली असावी. "भारा मी घेत न्हाय बाई. माझ्या डोक्यावर ठिवत्यात."

ताप उतरल्यावर चार दिवसांनी मी तिला कळसला पोहोचवायला गेले. वाटेत ठरवलं होतं, शांतपणे बोलायचं. अंगणात शिरले आणि गोठ्याच्या सावलीत एक मेंढी दिसली, एकटीच बांधलेली. आक्काच्या सासऱ्यांना सगळं गाव तात्या म्हणतं. त्यांच्या वडिलांच्या वेळेपर्यंत घरात मोठा कळप होता. आता ऊस होता आणि नादापुरती दहा-बारा मेंढरं. त्या मेंढीच्या मागच्या पायांखाली तात्यांनी मातीचा उंचवटा केला होता, वर पाला अंथरला होता, त्यामुळं ती डोकं खाली, मागचं अंग वर अशी उभी होती. तात्या तिला हातानं एकेक मूठ घास भरवत होते.

"हिला काय झालंय, तात्या?"

"गाभण हाय. आंग दावतीया भाईर. मागनं उंच ठिवली की आत ऱ्हातं. आता व्याया लागंस्तवर कळपात न्हाय सोडायची. पळाली, दमली, की पुन्यांदा येतंय. चारा बी थोडा थोडा द्यायचा, पोट तडस नको व्हाया."

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"आमच्या आज्ज्यानं." त्यांना बरं वाटलं विचारलेलं. "मेंढरं राखणाऱ्याला एवढं न्हाय कळलं तर त्यानं काठी टाकावी."

माझा शांतपणा तिथं संपला.

"मग माझ्या बहिणीच्या डोक्यावर तेराव्या दिवशी दोन माणसांनी उचलून भारा ठेवला, तेव्हा तो आज्जा कुठं गेला होता?"

तात्यांचा हात मेंढीच्या तोंडाशी थांबला. दाजी ओसरीवरून म्हणाले, "ए, बास. पाव्हणी हायस, पाव्हणीवानी ऱ्हा."

"नाही राहत! मेंढीला आंग असतं आणि बाईला नसतं? तिला पाला अंथरता, मूठ मूठ चारता, हिची पिशवी कापून टाकायला तारीख ठरवता! डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, काही झालेलं नाही पिशवीला. तीन महिने भारा नको, एवढंच. एवढं मेंढीला मिळतं या घरात."

मावशी चुलीपासून तरातरा बाहेर आली. तिचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता मार खाते.

"लई बोललीस. तुझ्या बहिणीचं थोडं खाली आलंय तर एवढा बोभाटा! माझं चौथ्या बाळतपणापासनं भाईर हाय. चिंध्या बांधून ऊस खुरपला मी, कांदं काढलं, चार लगनं केली. मी मेले का? मेले का मी?"

तिला जिंकायचं होतं म्हणून ती बोलली होती, आणि बोलून झाल्यावर तिलाच कळलं की काय बोललो. तिनं पदर तोंडाला लावला. तात्या तिच्याकडं बघत राहिले. इतकी वर्षं एका घरात राहून, कळपातली कुठली मेंढी लंगडते हे आवाजावरून ओळखणाऱ्या माणसाला हे ठाऊक नव्हतं. ते उठले, घासाची उरलेली मूठ मेंढीपुढं टाकली आणि बाहेर निघून गेले.

त्या रात्री मी तिथंच राहिले.

सकाळी उठून बघते तर परसात खुट्ट खुट्ट आवाज. तात्या चार लाकडी मेढी रोवत होते. मेढींना त्यांनी जुनी वाघूर गुंडाळली, वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायचं दोराचं जाळं, आणि त्यावर गोणपाटं शिवली. झाला आडोसा. कुणाला काही सांगितलं नाही. फक्त दाजींना म्हणाले, "दसऱ्याचं ऱ्हाऊ दे. तीन म्हैन्यानं बघू," आणि सायकल घेऊन शेताकडं गेले. परत आले ते कडवळाच्या हिरव्या चाऱ्याचा भारा कॅरियरला बांधून.

आमच्याकडं हे मोठं आक्रित. पुरुष गाडीतून चारा आणेल, सायकलवर रोजचा भारा आणणार नाही, ते सुनेचं काम. पारावरून एकानं विचारलंच, "काय तात्या, सून रुसली का तुमीच सून झालाव?"

तात्या म्हणाले, "मेंढी गाभण हाय. तिला कवळा चारा लागतोय. बायकांना न्हाय कळत निवडायला."

मी दारात उभी होते, मी ऐकलं. सुनेसाठी आणतो, एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून फुटले नाहीत. चांगलं काम करायलाही त्यांना मेंढीचं नाव पुढं करावं लागलं! लोक मला म्हणतात, अगं, केलं ना त्यांनी, आता कशाला उकरतेस. केलं. मी उकरणार.

त्यानंतर मी दर पंधरा दिवसांनी कळसला जात होते, पत्रक न घेता. आडोशाला आता शेजारच्या बायकाही येत, "जरा येऊन जाते हां मावशी," म्हणून. दुपारी ओसरीवर आक्का आडवी व्हायची आणि मोजायची. पहिले काही दिवस तिला काहीच जमेना. आवळायला जायची तर पोट आवळायची, श्वास कोंडून तोंड लाल करायची. मी वहीतलं सांगत बसले होते, स्नायू, तळ, आकुंचन. मावशी दारात बसून लसूण सोलत होती. तिनं माझ्याकडं न बघता सुनेला सांगितलं,

"अगं, म्हस पान्हा चोरती तसं. धार काढाया बसलीस आन् म्हशीला तू आवडली न्हाईस, तर ती काय करती? लाथ न्हाय, हंबरणं न्हाय. उभ्या उभ्या सगळं आत वर ओढून घेती. भाईरनं बघणाऱ्याला कळत बी न्हाय."

आक्का डोळे मिटून पडली. थोड्या वेळानं म्हणाली, "आत्याबाई, घावलं."

"सोड आता. पुरतं सोड. आता परत चोर."

माझ्या सगळ्या छापील शब्दांना जे जमलं नाही ते लसूण सोलता सोलता झालं. आणि मग माझं लक्ष गेलं, मावशीचे हात थांबले होते, ओठ हलत होते. ती पण मोजत होती. मी काही बोलले असते तर तिनं लसणाची पाटी माझ्या डोक्यात घातली असती.

तीन महिने हे फार मोठं असतं. मध्ये दिवस असे गेले की आक्का म्हणाली, काही फरक नाही, कापूनच टाकू दे एकदाची. दिवाळीत चिवड्याच्या फोडणीला सगळं घर खोकत होतं तेव्हा ती नेहमीसारखी पळायला निघाली आणि दारात थांबली. थांबून खोकली. मग माझ्याकडं बघून एक भुवई वर केली. मला कळलं.

डिसेंबरात आम्ही तिघी बारामतीला गेलो, मावशी पण. डॉक्टरीणबाईंनी आक्काला तपासलं आणि म्हणाल्या, "ऑपरेशन विसर. व्यायाम विसरू नकोस, तो जन्माचा आहे." मग मावशीला तपासलं. तिला म्हणाल्या, तुमचं फार पुढं गेलंय, व्यायामानं आत जाणार नाही. तुम्हाला खरोखर ऑपरेशन लागेल. "पिशवी काढू नका!" असं मी उद्गारचिन्ह देऊन छापलं होतं. जिला नको तिला कापायला निघाले होते आणि जिला हवं तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि माझं पत्रक दोघींनाही एकच सांगत होतं. मावशी परत येताना म्हणाली, "बघू, तोड उरकल्यावर." तीन वर्षं झाली. तोड दर वर्षी येते.

आम्ही कळसला उतरलो तेव्हा मळ्यात तोड रंगात आली होती. मेंढी केव्हाच व्याली होती, कोकरू उड्या मारत होतं, आणि ती कळपात परत गेली होती. मेंढी कळपात गेली म्हटल्यावर तात्यांची सायकलही भिंतीला लागली. बांधावर वाढ्याचा ढीग होता. दाजींनी नेहमीचा दोर काढून पसरला आणि न बघता म्हणाले, "बरी झालीस न्हवं? चल मग."

माझं तोंड उघडलं होतं. आक्कानं हातानं मला गप्प केलं. ती पुढं गेली, दोराचं एक टोक उचललं, पायाखाली दाबलं आणि कमरेचा विळा काढून दोर मधोमध कापला.

"आगं! दोर तोडलास?" मावशी ओरडली.

"आरं, खुळी का काय," दाजी म्हणाले. "चांगला दोर हाय त्यो!"

"भारा मी उचलायचा तर भारा मी बांधणार," आक्का म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ती खाली बसली, अर्ध्या दोरावर वाढं रचलं, गुडघा न देता गाठ मारली. पेंढी एवढीशी झाली.

तोडीवरचा एक गडी हसला, "वैनी, ही कोंबड्यांना न्ह्यायची का?"

"व्हय. तुमच्यातल्या कोंबड्याला घालते चार काड्या, आरवायचा थांबंल."

दाजींनी सवयीनं दुसऱ्या माणसाला हाक मारली, भारा डोक्यावर द्यायला. आक्कानं मान हलवली. ती गुडघ्यांत वाकली आणि क्षणभर थांबली. बाहेरून बघणाऱ्याला काही कळलं नाही. मला कळलं, मावशीलाही कळलं. मग तिनं पेंढी स्वतःच उचलून कमरेशी घेतली आणि चालू लागली.

एका भाऱ्याच्या जागी तिला त्या दिवशी तीन खेपा घालाव्या लागल्या. दाजी बांधावर उभे राहून मोजत होते, आणि तिसऱ्या खेपेपर्यंत एकदाही त्यांच्या मनात आलं नाही की एखादी खेप आपण न्यावी. दोराचा उरलेला तुकडा तिथंच पडला होता. मावशीनं इकडंतिकडं बघितलं, तो उचलला, आणि स्वतःच्या कमरेला खोचला.